शनिवारी संध्याकाळी सहापर्यंत

शटर अर्धं ओढून
काउंटरवर नकाशा पसरलाय.
चार कोपऱ्यांवर चार वजनं:
ऑइल फिल्टर, पाना, यासीनचा मोबाइल
आणि सुलेमानीचा कप,
ज्याचं ओलं वर्तुळ
नेमकं फहूदच्या फाट्यावर उमटलं.
"चला, एक तळं तरी मिळालं," यासीन म्हणतो.

सुरुवात पाण्यापासून.
माणशी सहा लिटर दिवसाला,
माणसं चार, दिवस दोन.
"तीन धर," यासीन म्हणतो.
तिसरा कशाला?
"जो आपण ठरवला नाही, त्याच्यासाठी.
आणि रेडिएटर हा पाचवा माणूस."
नव्वद.
तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्यांच्या गावचा मी,
लिहिताना हात जरा अडखळतो.

मऊ वाळूत गाडी दुप्पट पेट्रोल पिते,
वरातीतल्या मामासारखी.
म्हणून सहा कॅन. फावडी दोन. दोर एक,
गाड्या मात्र दोन, कधीच एक नाही.
चाकं पस्तिसावरून पंधरावर आणायची.
एकोणीस वर्षं इब्रीत
मी लोकांच्या चाकांत हवा भरत आलो,
सोडायला पहिल्यांदाच निघालोय.
"ताठ गेलास की रुतलास," साल्मीन सांगतो,
"पाऊल पसरून जा."

साल्मीनला रस्त्याचे नंबर ठाऊक नाहीत.
तीन गाफची झाडं, मग एक मेलेलं,
मेलेल्यापासून डावीकडे.
ते कोणी सरपणाला नेलं असेल तर?
"तर मला फोन कर."
पण तू तर आमच्याच गाडीत असशील,
आणि तिथे रेंज नाही.
तो बराच वेळ हसत राहतो.
मग त्याचं हसू थांबतं
आणि तो नकाशावरच्या पांढऱ्या पट्ट्यावर बोट ठेवतो.
वर मिठाचा पापुद्रा, खाली चिखल, तळ कुणी पाहिलेला नाही.
दापोलीकडचा यासीन वाकून बघतो.
"खाजण आहे हे," म्हणतो,
"समुद्र विसरून गेलेलं,"
आणि लाल पेनाने त्यावर फुली मारतो.

बायको फोनवर विचारते,
तिकडे बघायला आहे तरी काय?
काय सांगू.
वाळू मी पाहिली ती
गिऱ्हाइकांच्या एअर फिल्टरमधून झटकलेली,
संध्याकाळी केरसुणीने लोटून बाहेर टाकलेली.
ती कुठून येते,
एकदा बघून यावं म्हटलं.

कागदाच्या तळाशी साल्मीन एक ओळ मोकळी ठेवतो:
मागे राहणाऱ्याचं नाव.
ज्याच्याकडे हा कागद राहील,
गाड्यांचे नंबर, वाट, परतीची वेळ,
आणि वेळ टळली
तर जो उठून पोलिसांत जाईल.

बायको संगमेश्वरला. मालक शुक्रवारी सलालाला.
यासीन सोबत, साल्मीन सोबत.
पेन टेकवून मी बसून राहतो.
शनिवारी सहाला मी नाही
हे या गावात
कुणाच्या लक्षात येईल?

पंखा नकाशाची कड उचलतो, ठेवतो.

समोर तोफज्जलची लाँड्री अजून उघडी.
दर शनिवारी सहाला मी पाच शर्ट घेतो,
आपण कपड्यांपलीकडे कधी बोललो नाही.
त्याच्या गावाचं नावही
मी आज पहिल्यांदा विचारतो.

तो कागद वाचत नाही.
इस्त्री उभी करतो, हात पुसतो,
कागदाची चार पदरी घडी घालतो,
तिला दोनशे चौदा नंबरची चिठ्ठी टाचतो,
पाच शर्टांच्या गठ्ठ्यावर ठेवतो
आणि चिठ्ठीचा दुसरा तुकडा
माझ्या हातात देतो.

"टाइम पे आना," म्हणतो,
"रखने का जागा नहीं है."